तीन तासांची बॅटरी

१

जालिंदर तोडकरला ओळखलं ते हातातल्या अंगठीवरून. चेहऱ्याचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. शटर ओढायची लोखंडी सळई त्याच्या कानापाशी पडली होती आणि तिच्या आकड्याला केस चिकटले होते. माणूस पहिल्या घावातच गेला असणार, तरी मारणाऱ्यानं हात आवरला नव्हता. फौजदार आम्रपाली होवाळनं सात घाव मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

सांगलीच्या विश्रामबागेतलं हे दुकान जुन्या कॉम्प्युटरचं. साल अठ्ठ्याण्णव, मे महिना. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांनी टाकून दिलेली यंत्रं जालिंदर टेम्पोत घालून आणायचा, पुसूनबिसून 'नव्यासारखी' म्हणून विकायचा. कॉम्प्युटर हवा असलेले फार आणि नवा घ्यायची ऐपत असलेले थोडे, त्यामुळे त्याचं झकास चाललं होतं. एक गिऱ्हाईक शिव्या देत बाहेर पडायचं तोवर दुसरं हसत आत आलेलं असायचं.

मंगळवार होता. विश्रामबागेत मंगळवारी बारा ते चार दुरुस्तीसाठी वीज बंद असते. दुकानाच्या मागच्या खोलीत पंचनामा चालला तो टॉर्चच्या उजेडात. झटापटीत इन्व्हर्टरची मोठी बॅटरी आडवी झाली होती, तिची झाकणं उडाली होती आणि आतलं पाणी रक्तात मिसळून फरशीभर पसरलं होतं. नाकाला झोंबेल असा वास सुटला होता.

"म्याडम, पाय जपून टाका. लय घाण हाय हितं," असं म्हणत हवालदार भाऊसो मासाळ स्वतः त्या घाणीत दोन्ही गुडघे टेकून मापं घेत होते. दुसऱ्याला सल्ला द्यायचा आणि आपण विसरायचा, हा त्यांचा जुना स्वभाव.

प्रेत पाहिलं होतं दुकानातल्या मेकॅनिकनं, कपिल सर्वदेनं. एक वाजता तो खानावळीत जेवायला गेला, अडीचला परतला, तर शटर अर्धं खाली. आत येऊन त्यानं मालकाला मांडीवर घेतलं होतं. पँट, शर्ट, हात, सगळं भरलं होतं. दाढी-मिशावाला बाप्या माणूस, पण पोरासारखा हुंदके देत होता.

"कुणाशी वैर?"

"सकाळी साडेअकराला एक गिऱ्हाईक भांडून गेलं मॅडम. म्हसवडचे नाथाजी गोरड. गेल्या आठवड्यात लॅपटॉप नेला होता, तो आपटला टेबलावर. मालकांच्या नाकावर बुक्की मारली. म्हणाले, ह्याच मशिननं तुझं टाळकं फोडतो."

पाच वाजता इन्स्पेक्टर दादासो शेळक्यांनी नाथाजीला एसटी स्टँडवर धरलं. शर्टावर रक्ताचे शिंतोडे होते. शेळके खूश झाले. "खून दुपारी, आरोपी संध्याकाळी," ते म्हणाले, "आता कबुली तेवढी घेतो."

सहाच्या सुमाराला लॉकअपमधून एक किंकाळी आली.

२

नाथाजीच्या उजव्या हाताची दोन बोटं उलटी वाकवून मोडली होती. बुधवारी सकाळी ती काळीनिळी होऊन वांग्यासारखी सुजली होती. तो भिंतीला टेकून बसला होता आणि तो हात दुसऱ्या हातात धरून होता.

"सोळा वर्सं फौजेत सिग्नलमधी काढली म्याडम," तो म्हणाला. "दुश्मनानं बोटाला हात लावला न्हाई."

रिटायर होऊन तो गावी आला होता. घरचं बिऱ्हाड मेंढरामागं फिरणारं. याला फौजेत टायपिंग आलं होतं. म्हसवडला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, असा त्याचा बेत. पण तिथं लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून लॅपटॉप. जालिंदरनं सांगितलं होतं, तीन तास बॅटरी. नाथाजीनं बायकोच्या माहेरची बारा मेंढरं विकून यंत्र नेलं. घरी जाऊन लाईट गेली आणि दहाव्या मिनिटाला पडदा काळा.

"म्या त्येला मारलं, खोटं कशापायी बोलू? एक बुक्की मारली. नाक फुटलं. मशिन तितंच टाकलं आन् स्टँडवर जाऊन बसलो. एसटी चुकली. कुणी बघितलं का, तर कोण बघणार?"

आम्रपाली त्याच्या पायांकडे पाहत राहिली. कातडी पायताण, जुनं पण धडधाकट. पँटीच्या कडा धुळीनं माखलेल्या आणि अखंड.

बाहेर आली तर भाऊसो आपल्या गुडघ्यांकडे बघून हळहळत होते. "काल रातीच पँट धुतली म्याडम. आन् सकाळी बघतोय तर ह्ये! उंदरानं कुरतडल्यावानी झालंय." दोन्ही गुडघ्यांवर खाकी कापडाची चाळण झाली होती. बोट लावलं की धागा गळायचा.

शेळके खुर्चीत रेलून दात कोरत होते. "होवाळबाई, अटक मी कागदावर आज दुपारची दाखवतो आणि उद्या अकराला त्याला कोर्टात उभा करतो. त्याआधी सही पाहिजे. आज मला कलेक्टर कचेरीत काम आहे, म्हणून त्याला सुट्टी. उद्या सकाळी साडेनऊला बसतो. अजून आठ बोटं आहेत."

"सर, तो निर्दोष आहे असं मला वाटतंय."

"वाटू दे. साडेनऊपर्यंत दुसरा आणा. नाहीतर गप बसा."

तिच्या तोंडावर शिवी आली होती, ती तिनं गिळली. तिची आई जाईबाई नेहमी म्हणायची, तुझा राग नाकावर असतो, त्यानं एखादे दिवशी नोकरी जाईल. नोकरी तिला हवीच होती. पण पायरीवर नाथाजीची बायको रंगुबाई बसली होती, भाकरीचं फडकं मांडीवर घट्ट धरून, आणि आत गेलेल्या प्रत्येक पोलिसाकडे ती एकाच नजरेनं बघत होती. त्या नजरेसमोरून जाताना आम्रपालीला लाज वाटली.

३

कपिलच्या पँटीलाही भोकं पडली होती. आम्रपालीनं ती त्याच्या घराबाहेरच्या दोरीवर वाळत घातलेली पाहिली आणि त्याला तिथंच धरलं.

"मालक तुला मारायचा म्हणे?"

"चापटीनं. सगळ्यांसमोर." त्यानं मान खाली घातली. "पण मी नाही मारलं मॅडम. सव्वादोनपर्यंत खानावळीत होतो, मावशींना विचारा. पँट म्हणाल तर ते बॅटरीचं ॲसिड. सुती कापडावर पडलं की लगेच कळत नाही. एक दिवस जातो, मग चाळण होते. मालकांना उचलताना मी त्यात बसलो होतो."

खानावळीच्या मावशींनी आणि जेवणाऱ्या चार जणांनी त्याची साक्ष दिली. डॉक्टरांचं म्हणणं, मृत्यू दीड ते दोनच्या दरम्यानचा. म्हणजे कपिल सुटला. आणि आम्रपालीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. त्या खोलीत जो झटापट करून बाहेर पडला, त्याच्याजवळ चाळण झालेलं काहीतरी असलंच पाहिजे. नाथाजीजवळ तसं काही नव्हतं.

"दुकानातून काय गेलंय?"

 रस्त्याकडे बघून कपिलनं दार लोटून घेतलं.

"एक हार्डडिस्क. जुन्या कॉम्प्युटरची. मालकांनी ती काढून कपाटात ठेवली होती. म्हणायचे, ही आहे तोवर मला चिंता नाही."

"कुणाचा कॉम्प्युटर?"

"कडेगावचे लालासाहेब, साखरेच्या गोदामांचे मालक. त्यांचे चिरंजीव राजवर्धन साहेब. इथं विश्रामबागेतच त्यांचं ऊस वाहतुकीचं ऑफिस आहे. त्यांनी जुना कॉम्प्युटर दिला आणि अदलाबदलीत लॅपटॉप नेला. नाथाजींनी नेला त्याच लॉटमधला. डिस्क पुसून टाका म्हणाले होते. मालकांनी पुसली नाही, वाचली."

"काय होतं तीत?"

"एक फिर्याद. 'अज्ञात चोरट्यांनी आमच्या गोदामावर दरोडा घालून चौकीदार कोंडीबा यास कुऱ्हाडीने ठार केले.' मी पण वाचली मॅडम." कपिलचा आवाज एकदम खाली आला. "कोंडीबाचा खून झाला पाच फेब्रुवारीच्या रात्री. पेपरात आलं होतं. आणि त्या फाइलीवर तारीख होती चार."

४

राजवर्धन तिशीचा, गोरा, बोलायला गोड. त्याच्या ऑफिसात भिंतीवर ट्रकांचे फोटो होते आणि कोपऱ्यात नव्या कोयत्यांचा गठ्ठा पडला होता. तो ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी आणलेला. आम्रपालीसाठी त्यानं सरबत मागवलं.

"जालिंदर? वाईट झालं. काल दुपारी मी इथंच होतो. बाहेर नीलिमा होती, विचारा तिला."

नीलिमा टायपिस्ट. साधी, घाबरट मुलगी. "साहेब साडेबाराला आले. लाईट गेलेलीच होती. लॅपटॉप उघडून मला दाखवला, म्हणाले, बघ, बॅटरी फुल आहे, आता रिपोर्ट संपवूनच उठतो, कुणाला आत सोडू नको. दार लावून घेतलं. साडेतीनला बाहेर येऊन फ्लॉपी दिली. चारला लाईट आल्यावर मी छापला. अठरा पानं."

"आत टाइप केल्याचा आवाज येत होता?"

"सुरुवातीला येत होता. मग मी लक्ष दिलं नाही."

राजवर्धनच्या खोलीला मागे जिन्याचं दार होतं. आम्रपालीनं ते पाहिलं, आणि ती पाहते आहे हे राजवर्धननंही पाहिलं.

"दार आहे हो," तो हसला. "पण माझ्याजवळ त्याहून चांगला साक्षीदार आहे. कॉम्प्युटरवर प्रत्येक फाइलीची तारीख-वेळ पडते, माहिती आहे ना? रिपोर्टचे सहा भाग. बारा पन्नास, एक दहा, एक चाळीस, दोन पंधरा, दोन पन्नास, तीन वीस. तुम्ही म्हणता त्या वेळेला, जालिंदरला कुणी मारत होतं तेव्हा, मी चौथा भाग लिहीत होतो."

"लाईट नसताना? इथं जनरेटर नाही?"

"बंगल्यावर आहे. कडेगावला लाईट गेली की पापणी लवायच्या आत सुरू होतो, आम्हाला कळतसुद्धा नाही. इथं गरजच नाही. तीन तास चालतो हा." त्यानं लॅपटॉपवर कौतुकानं थाप मारली. "न्या की तपासायला. मला काय लपवायचंय?"

तो मेलेल्या माणसाबद्दल बोलताना ज्या सहजतेनं सरबत पीत होता, ती पाहून आम्रपालीला चीड आली. पण हातात काहीच नव्हतं. तिनं शिरस्त्याप्रमाणे बॅटरीच्या खणावर आणि कडांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, त्यावर राजवर्धनची सही घेतली, नीलिमाची घेतली. राजवर्धननं लॅपटॉप त्याच्या कापडी बॅगेत घालून दिला. बॅग जाड सुती कापडाची, खालच्या बाजूला पिवळट डाग पडलेली. नीट बघायला वेळ नव्हता.

निघताना तो म्हणाला, "बाई, कडेगावात लालासाहेबांचं नाव काढलं की लोक जेवता जेवता उठतात. जपून."

आणि जिना उतरता उतरता वरून एक विटेचा तुकडा तिच्या खांद्यावर आदळला. वर पाहिलं तर गच्चीवर कुणीच नव्हतं.

५

ठाण्यात परतली तेव्हा सहा वाजले होते. खांदा ठणकत होता. शिकाऊ ऑपरेटरनं फाइली तपासून सांगितलं, वेळा बरोबर आहेत. घड्याळ पुढं-मागं करून तशा वेळा पाडता येतात, पण पाडल्या हे सिद्ध कसं करणार, असंही तो म्हणाला. म्हणजे भिंत. आम्रपालीनं बॅग खुर्चीवरच्या उशीवर ठेवली, लॅपटॉप टेबलावर ठेवून वायर जोडली आणि डोकं धरून बसली. उद्या साडेनऊला आतल्या माणसाचं तिसरं बोट मोडणार होतं आणि ती बाहेर बसून ऐकणार होती.

रंगुबाई दारात येऊन उभी राहिली. "बाईसाब, ह्यास्नी भाकरी देऊ का? दिसभर पोटात न्हाई."

"द्या. मी सांगते आत."

रंगुबाईचं लक्ष टेबलाकडे गेलं. "आवं, आमच्यासारखंच मशिन हाय की ह्ये!" ती जवळ आली. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र होतं, काठोकाठ भरलेलं, शंभर टक्के. रंगुबाईनं त्याच्याकडे तुच्छतेनं बघितलं. "आमच्यात बी असंच दावायचं. ह्ये म्हणायचे, अगं बघ, फुल हाय. म्या म्हणलं, प्वाट बघून जित्राब घ्यायचं नसतंय. पर बायकूचं कोण ऐकतंय?"

"म्हणजे?"

"म्हसवडच्या बाजारात बकरं इकणारा काय करतोय ठावं हाय? आदल्या दिशी मीठ चारतो. सकाळी पाणी दावतो. ते तानलेलं जनावर घटाघटा पितंय, प्वाट टम्म! घेणाऱ्याला वाटतंय लय भरल्यालं हाय. मग आमी काय करतो? त्येला हाकतो. येक टेकाड चढवतो. आत मांस आसलं तर चढतंय. नुस्तं पाणी आसलं तर निम्म्यात बसतंय." तिनं पदर सावरला. "मशिन हाकून बघा म्हणलं हुतं म्या. वायर काढा आन् हाका. त्यो दुकानदार वायर काढूच देईना."

आम्रपालीनं रंगुबाईकडे पाहिलं. मग लॅपटॉपकडे पाहिलं. त्याच लॉटमधला, कपिल म्हणाला होता.

तिनं हात पुढे करून वायर उपटली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. शंभर टक्के. पाच मिनिटं झाली, सहावं संपता संपता चित्र एकदम निम्म्यावर आलं. आठव्या मिनिटाला यंत्र केविलवाणं टिवटिवलं. अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"बसलं," रंगुबाई म्हणाली.

आम्रपालीनं माणूस पाठवून कपिलला बोलावून घेतलं. त्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "लॉटमधले चारही लॅपटॉप तसलेच होते मॅडम. तीन वर्षं ऑफिसात रात्रंदिवस मेनला लावून वापरलेले, बॅटऱ्या आतून मेलेल्या. शंभर टक्के म्हणजे काय, तर जेवढी जागा उरलीय तेवढी भरली. उरलीय किती ते चित्र सांगत नाही. ते वायर काढल्यावरच कळतं. मालक गिऱ्हाइकाला चित्र दाखवायचे आणि तीन तास म्हणायचे."

"आणि राजवर्धनला कळलं नाही?"

"कसं कळणार? बंगल्यात जनरेटर. लाईट गेलेली त्यांनी आयुष्यात पाहिलीय कुठं?"

त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्रपाली हसली. चौकीदाराच्या खुनात तारखेनं दगा दिला, म्हणून या वेळी राजवर्धननं तारखाच साक्षीला उभ्या केल्या होत्या. आदल्या दिवशी बंगल्यावर बसून, लॅपटॉपचं घड्याळ पुढं सारून, सहा फाइली फ्लॉपीवर टाकल्या असतील. नीलिमासमोर दोन मिनिटं यंत्र चालवलं, बंद केलं आणि मागच्या जिन्यानं खाली. रक्तानं भरलेले कपडे बदलायला तसलेच दुसरे खोलीत ठेवले असतील. सगळा हिशोब त्यानं चोख केला होता. फक्त बॅटरी तीन तासांची आहे, हे त्यानं जालिंदरच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

पण वकील म्हणेल, आळशीपणा लपवायला साहेब खोटं बोलले, खून कुठं सिद्ध होतो? त्या खोलीशी बांधणारं काहीतरी हवं होतं.

सकाळी आठला ती ठाण्यात आली आणि खुर्चीवरची बॅग उचलली. बॅगेचा तळ खुर्चीवरच राहिला.

६

राजवर्धनच्या ऑफिसात गुरुवारी नऊला दोन पंच, भाऊसो आणि आम्रपाली हजर झाले. लॅपटॉप रात्रभर मेनला लावलेला होता, पट्ट्या अखंड होत्या. राजवर्धननं सह्या ओळखल्या. नीलिमाला बसवलं, तिला त्याच्याच रिपोर्टचं पहिलं पान टाइप करायला सांगितलं आणि आम्रपालीनं वायर काढली.

"हे काय नाटक?" राजवर्धन म्हणाला.

"साहेब, तुम्ही जवळजवळ तीन तास लिहिलंत. आम्ही फक्त बसणार आहोत."

खोलीत कळांची टकटक तेवढी ऐकू येत होती. राजवर्धन आधी हसत होता, मग ट्रकांच्या फोटोंकडे बघायला लागला. नीलिमाचं दुसरं पानही सुरू झालं नव्हतं तेव्हा यंत्र टिवटिवलं. अकरा मिनिटांनी पडदा मेला आणि नीलिमानं कळांवरून हात उचलले.

"काल तुम्ही बिघडवलंत."

"पट्टी तुमच्या सहीची आहे. ती फाटली नाही." आम्रपालीनं कागदात गुंडाळलेली बॅग टेबलावर उघडली. तळाचं कापड जळून भुगा झालं होतं. "ही बॅगही तुमची. डिस्क न्यायला तुम्ही रिकामी बॅग घेऊन गेलात. जालिंदर ओरडला, तुम्ही सळई उचलली, बॅटरी कलंडली. मग कपाट धुंडाळताना बॅग फरशीवर ठेवली. अंधार होता, कशात ठेवली ते दिसलं नाही. आमच्या हवालदारांचे गुडघे बघा, कपिलची पँट बघा. त्या खोलीत जो जो टेकला त्याचं कापड असंच गेलंय. नाथाजीच्या अंगावरचा एक धागा गळलेला नाही."

"तो हरामखोर मला म्हणाला तीन तास..." राजवर्धनच्या तोंडून निघून गेलं. वाक्य अर्धवट टाकून तो कोपऱ्याकडे झेपावला.

कोयता हवेत दिसला आणि आम्रपालीनं डावा हात आडवा घातला. मनगटापासून कोपरापर्यंत मांस उघडं पडलं. नीलिमा किंचाळत टेबलाखाली शिरली. एक पंच दाराकडे पळाला, दुसरा जागच्या जागी बसला. राजवर्धननं दुसरा वार उगारला तो सरळ मानेवर. आम्रपालीनं उजव्या हातानं टेबलावरचा लॅपटॉप उचलला आणि सगळी ताकद लावून त्याच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो लडखडला, रक्तानं आंधळा झाला, तरी कोयता सोडेना. तेव्हा भाऊसोंनी मागून त्याच्या कमरेत लाथ घालून त्याला पालथा पाडला आणि चाळण झालेला गुडघा त्याच्या मानेवर रोवला.

"हल आता," भाऊसो धापा टाकत म्हणाले. "लय उड्या मारत हुतास न्हवं?"

आम्रपालीनं ओढणीसारखा टेबलक्लॉथ हाताला गुंडाळला आणि फोन ओढला. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. ठाण्यात फोन वाजत राहिला, वाजत राहिला. शेवटी कुणीतरी उचलला.

"शेळके साहेबांना सांगा, खुनी सापडला. हात थांबवा!"

 पलीकडून, लांबून एक माणूस ओरडल्याचं तेवढं ऐकू आलं.

७

तिसरं बोट गेलंच. दहा मिनिटांचा फरक पडला.

हार्डडिस्क कडेगावच्या बंगल्यात जनरेटरच्या खोलीत सापडली, हातोड्यानं ठेचलेली. राजवर्धननं नाक बांधलेल्या अवस्थेत दोन्ही खून कबूल केले, कोंडीबाचा आणि जालिंदरचा. कोंडीबानं चोरीची साखर बघितली होती, एवढाच त्याचा गुन्हा. शेळक्यांनी पेपरवाल्यांना सांगितलं की तपास त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. नाथाजीला म्हणाले, झालं गेलं विसर, फौजी माणूस आहेस.

दहा दिवसांनी दुपारी आम्रपाली जालिंदरच्या दुकानात गेली. हाताला बावीस टाके होते. जालिंदरच्या बायकोनं किल्ली कपिलकडे दिली होती, आणि कपिलनं नाथाजीला बोलावून घेतलं होतं. लॉटमधल्या उरलेल्या यंत्रात त्यानं दुसऱ्या कंपनीची, कमी वापरलेली बॅटरी बसवली होती. बदल्यात काही घेणार नव्हता.

नाथाजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. "कशाला रं गड्या," तो कपिलला म्हणाला, "टाइप कशानं करू? डॉक्टर म्हणतोय, ही तीन बोटं वाकायची न्हाईत आता." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं तोंड फिरवलं.  त्या दहा मिनिटांचं दुःख आम्रपालीला जन्मभर पुरणार होतं.

"मॅडम, ही दोन तास जाईल," कपिल म्हणाला. "चित्रात बघा, फुल..."

"चित्र ऱ्हाऊ दे," रंगुबाई म्हणाली. तिनं स्वतः वाकून वायर काढली आणि दुकानाच्या मधोमध मांडी घालून बसली. "हाका. म्या बसती हितंच. एसटी गेली तर गेली."

"हाकायची म्हणजे काहीतरी लिहायला पाहिजे," कपिल म्हणाला.

आम्रपालीनं एक खुर्ची ओढली. शेळके तिचे साहेब होते. बदली होईल, कदाचित त्याहून वाईट होईल. आई म्हणायची ती वेळ आली होती, आणि आश्चर्य म्हणजे तिला भीती वाटत नव्हती.

"नाथाजी, डावा हात चालतो ना?"

"चालतोय की."

"मग घ्या लिहायला. प्रति, माननीय पोलीस अधीक्षक, सांगली. विषय, पोलीस कोठडीत इन्स्पेक्टर दादासो शेळके यांनी माझी तीन बोटे मोडल्याबाबत. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."

नाथाजी तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डाव्या हाताचं एक बोट पुढं केलं आणि एकेक अक्षर शोधत टाइप करायला सुरुवात केली.  रंगुबाई पडद्याकडे बघत होती, आम्रपाली सांगत होती, बाहेर म्हसवडची एसटी येऊन निघून गेली. एक तास झाला, दीड झाला. शेवटच्या ओळीखाली नाथाजीनं आपलं नाव आणि हुद्दा टाइप केला, तेव्हा एक तास आणि अडतीस मिनिटं झाली होती.

यंत्र अजून चालू होतं. रंगुबाई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "ह्ये घेऊ."